कॅमेरा-लॅपटॉप घेऊन विमानात बसायचंय : एकच सॅक, दोन बॅगा की ट्रॉली?

आमच्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, शेजारच्या गोव्यातला मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. तोवर आम्हा सिंधुदुर्गातल्या फोटोग्राफरांचा प्रवास म्हणजे कोकणकन्या नाहीतर रातराणी. बॅग कितीही जड असो, सीटखाली ढकलली की झालं. आता पुण्या-हैदराबादची लग्नाची कामं विमानाने होतात, आणि नवीन बॅग घेणारी मुलं मला एकच विचारतात, नेमकी कुठली घेऊ? मी तिन्ही प्रकार वापरलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दुकानात जायच्या आधी घरातला वजनकाटा बाहेर काढा. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटीमीटर. माझा लग्नाचा संच असा: सोनी ए७ फोर कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, प्रत्येकी ६५८ ग्रॅम. लेन्समध्ये २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅम, ७०-२०० जीएम टू ट्रायपॉडची कॉलर सोडून १०४५, ८५ एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, ३७१. त्यात फ्लॅश, चार जादा बॅटऱ्या, चार्जर आणि कार्डं धरली की साडेचार किलोच्या आसपास जातं. चांगली गादीवाली सॅक रिकामीच पावणेदोन-दोन किलो भरते. म्हणजे लॅपटॉप आत जायच्या आधीच काटा सव्वासहाच्या पुढे. तेरा इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचं आहे. अडॅप्टरसकट ते ठेवलं की ७ किलो ओलांडलेच. गेमिंग लॅपटॉप असेल तर विषयच संपला.

एकच मोठी सॅक. मागच्या बाजूला लॅपटॉपचा कप्पा, पुढे सगळा कॅमेरा. पाठीवर टाकली की दोन्ही हात मोकळे, शिवाय विसरायला दुसरी बॅगच नाही. एक बॉडी, दोन हलक्या लेन्स आणि हलका लॅपटॉप एवढंच सामान असेल तर हीच घ्या, फार विचार करू नका.

पण पूर्ण संच असेल तर हिचा दोष विमानाच्या शिडीपाशी कळतो. चिपीला येणारी एटीआर-७२ विमानं लहान आहेत. आत दोन-दोनच्या आसनांच्या रांगा, आणि डोक्यावरचे कप्पे मुंबईहून मोपाला उतरणाऱ्या एअरबसपेक्षा बरेच उथळ. फुगलेली सॅक तिथे मावत नाही. एकदा पावसाळ्यात अशाच लहान विमानाच्या दारात माझी सॅक काढून घेतली, विमानाच्या पोटात सामानाबरोबर ठेवायला. मावणार नव्हती हे खरंच होतं. पण मागे रांग खोळंबलेली, वर पाऊस, आणि मी ओल्या जमिनीवर गुडघे टेकून तीन कप्प्यांतून बॅटऱ्या शोधतोय, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवायला बंदी आहे. लॅपटॉप ओढून काढला, कार्डांची डबी खिशात कोंबली, बाकी देवावर सोडलं. उतरल्यावर ७०-२०० वरचा फिल्टर तडकलेला मिळाला. लेन्स वाचली. पण त्या तासाभरात मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. सॅकमध्ये राहिलेल्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर एका मुलीच्या हळदीचे फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत तेव्हा फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती.

तेव्हापासून कुठलीही बॅग बघताना मी एकच गोष्ट तपासतो. शिडीपाशी बॅग मागितली, तर लॅपटॉप, बॅटऱ्या आणि कार्डं एका झटक्यात वेगळी होतात का?

कॅमेऱ्याची सॅक आणि वेगळी पातळ लॅपटॉप बॅग. मी आज हेच वापरतो. खांद्याला अडकवायची पातळ बॅग, आत लॅपटॉप, बॅटऱ्यांचा एकच पाऊच, कार्डं, हार्ड डिस्क. ती पुढच्या सीटखाली जाते आणि कोणी मागत नाही. सॅक काढून घेतलीच, तरी त्यात काच आणि धातूच असतो, काम नसतं. शिवाय एक्स-रेपाशी लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये काढायला सांगतात, तेव्हा सॅक पूर्ण उघडावी लागत नाही. कॅमेराही बाहेर काढायला सांगितला, तर पाठीकडून पुस्तकासारखी उघडणारी सॅक सोयीची पडते.

अडचण नियमाची आहे. इंडिगोसारखी कंपनी ७ किलोच्या बॅगेशिवाय ३ किलोपर्यंतची लॅपटॉप बॅग किंवा पर्स वेगळी धरते. काही कंपन्या लॅपटॉपसकट सात किलो मोजतात. तिकीट काढतानाच त्या कंपनीचा नियम वाचा, आणि जिथे सगळं एकत्र मोजतात तिथे फ्लॅश, चार्जर चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. आणि एक लक्षात ठेवा, मे महिन्यात हातात आंब्याची पेटी घेतलीत तर तोही एक नग झाला. पेटी चेक-इनला द्या.

चाकांची ट्रॉली. पाठदुखी असणाऱ्यांना हिचा मोह होतो, आणि विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती खरंच सुख देते. पण कॅमेऱ्याची ट्रॉली रिकामीच तीन-साडेतीन किलोची, म्हणजे निम्मं वजन बॅगेतच गेलं. कडक असल्यामुळे एटीआरच्या कप्प्यात दाबून बसवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे काम कुठे असतं आपलं? तारकर्लीच्या वाळूत, जांभ्याच्या पायऱ्यांवर, पाणंदीतून आत गेलेल्या होमस्टेत. तिथे चाकं कामाची नाहीत, ट्रॉली हातातच उचलावी लागते. मुंबई-मोपा असा मोठ्या विमानाचाच प्रवास आणि पुढे हॉटेलपर्यंत गाडी, असं असेल तर घ्या. नाहीतर नको.

कडक पेटीत घालून सगळं चेक-इन करावं का, असंही विचारतात. बॉडी आणि लेन्स तरी नको. बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये चेक-इनमधल्या कॅमेरा-लॅपटॉपसारख्या मौल्यवान, नाजूक वस्तूंची जबाबदारी नाकारलेली असते. ट्रायपॉड, लाइट स्टँड, सॉफ्टबॉक्स मात्र तिथेच जाऊ द्या. मोठा ट्रायपॉड हातात घेऊन सुरक्षा तपासणीला उभं राहिलात तर परत काउंटरवर पाठवतील. ट्रायपॉड आवळायचा पात्यावाला मल्टिटूलही चेक-इनमध्येच.

बॅटरीचा हिशेब करून ठेवा. मिलीअँपिअर-अवर गुणिले व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे वॉट-अवर. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची लागते, त्यावर नाही. माझ्या कॅमेऱ्यातली सोनीची झेड बॅटरी १६.४ वॉट-अवर भरते, २०,००० मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४. कॅमेऱ्यात कोणी अडकत नाही, मोठ्या व्हिडिओ लाइटच्या बॅटऱ्यांत अडकतात. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घाला, नाहीतर चिकटपट्टी लावा.

आता फक्त आपल्याकडची गोष्ट. बॅगेला पावसाचं कव्हर आहे का ते आधी बघा, कारण एटीआरमध्ये शिडीने चढायचं असतं आणि टर्मिनलपासून शिडीपर्यंत पाऊस कोणासाठी थांबत नाही. बॅगेचा स्पंज एकदा भिजला की कोकणात तो आठवडाभर वाळत नाही, आणि त्याच बंद बॅगेत लेन्स राहिली की काचेवर बुरशी धरते. घरी पोहोचल्यावर बॅगेतले दुभाजक, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या गाद्या, काढून पंख्याखाली ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या बदला. विमानातून थंड झालेला कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. दमट हवेत काचेवर दव धरतं. चेन लावलेली बॅग अर्धा तास तशीच राहू द्या, तेवढ्यात कुडाळच्या बाजारातून जाऊन या.

हौसेने फोटो काढणाऱ्यांना, सुट्टीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत मालवणला येणाऱ्यांना, यातलं काहीच विकत घ्यायची गरज नाही. ऑफिसची नेहमीची सॅक घ्या आणि कॅमेऱ्यासाठी गादीवाला चौकोनी डबा, क्यूब म्हणतात तो, तेवढा आत बसवा. शिडीपाशी सॅक मागितली तर क्यूब आणि सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक उचलून हातात घ्या आणि लॅपटॉप काखेत.