न उघडलेल्या डिफरन्शियलचं बिल

ब्रेक गेला तर पायाला कळतं, इंजिन बिघडलं तर धूर दिसतो. गाडीच्या पोटाखालून येणारा आवाज मात्र नेमका कुठून येतोय ते बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि गंडवणाऱ्याचा सगळा धंदा त्यावर चालतो. मला ज्या गॅरेजने गंडवलं त्यांनी आधी माझ्या गाडीचा डिफरन्शियल (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा दातेरी चाकांचा डबा) 'बांधून' दिला, मग गिअरबॉक्स 'बघून' दिला आणि दोन्ही कामांचं बिल लावलं. डिफरन्शियल त्यांनी उघडलाच नव्हता. मला पटवायला काय काय दाखवलं ते जरा सविस्तर लिहितोय, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी धडधाकट गाडीतही अगदी तशाच दिसतात.

गाडी माझ्दा एमएक्स-५. १९८९ साली आलेली पहिली पिढी, १.६ लिटर इंजिन, पाच गिअर, झाकणं उघडून वर येणारे दिवे. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून एकसलग प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला, आणि तिथून दोन हाफ शाफ्ट मागच्या चाकांना. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट असते, पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात तिला. तिचं काम पुढे पडणार आहे. आवाज होता तो मागून. ताशी साठच्या आसपास घुरघुर सुरू व्हायची आणि ऐंशीला शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा.

गॅरेजच्या मुख्य मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, इंजिन चालू करून गिअर टाकला आणि चाकं हवेत फिरवली. खालून खडखड, टकटक ऐकू आलं. "साहेब, क्राऊन-पिनियन संपलंय." म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी. मग इंजिन बंद करून त्याने प्रोपेलर शाफ्ट हाताने इकडेतिकडे हलवून दाखवला. थोडा फिरायचा, मग अडायचा. "हा प्ले बघा." शेवटी डिफरन्शियलचा ड्रेन प्लग काढून त्याच्या चुंबकावरचा काळा-करडा लेप माझ्या बोटाला लावला. "हे तुमच्या दातांचं लोखंड."

तिन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, पण तिन्हींतून काहीच सिद्ध होत नाही. गाडी लिफ्टवर टांगली की सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबतं, हाफ शाफ्ट रस्त्यावर कधी येणार नाहीत अशा कोनात जातात आणि त्यांचे जॉइंट टकटक करतातच. शिवाय डिफरन्शियल कण्हतो तो बहुधा जोर आल्यावर. चाकं हवेत मोकळी फिरताना जोर कुठला? शाफ्टमधला प्ले म्हणाल तर गिअरचे दात, स्प्लाइन (शाफ्टच्या जोडावरच्या खाचा), क्राऊन-पिनियन या सगळ्यांतली फट बेरीज होऊन हाताला लागते. दातांत फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर ते आवळून बसतील. आणि चुंबकावरचा लेप? बोटांत चोळल्यावर तो मलमासारखा गुळगुळीत लागला तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील अशा कपच्या, चकाकते तुकडे निघाले तर काळजी करायची. माझ्या बोटाला लागला तो मलमासारखाच होता.

काम झाल्याचा फोन आला, सोबत एक फोटो. टेबलावर ठेवलेलं झिजलेलं क्राऊन व्हील, दातांच्या कडा खाल्लेल्या. जुने भाग मागितले तर "कंपनीला परत द्यावे लागतात, एक्स्चेंजमध्ये लावलेत" असं उत्तर मिळालं. गाडी ताब्यात देताना मिस्त्री स्वतः चालवायला बसला. छत उघडं टाकलं आणि भर गर्दीच्या रस्त्याने एक चक्कर मारली. पन्नासच्या वर काटा गेला नाही. उघड्या गाडीत, त्या वाऱ्यात नि हॉर्नच्या कल्लोळात कुणाला काय ऐकू येणार?

पुढच्या मोकळ्या रस्त्यावर घुरघुर होती तिथेच होती.

गाडी परत नेली तेव्हा मिळालेलं उत्तर मात्र दाद द्यावी असं होतं. "साहेब, डिफ आता एकदम शांत झाला ना, म्हणून गिअरबॉक्सचा आवाज ऐकू यायला लागला. आधी तो दबलेला होता." हे वाक्य कुठल्याही गॅरेजात तुमच्या कानावर पडलं तर किल्ली मागून घ्या. आवाज तोच, त्याच वेगाला, त्याच जागेवरून येत असेल तर आधीच्या कामाने काहीच झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गिअरबॉक्सचा पुरावाही त्याच थाटाचा. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवून मूठ माझ्या कानाला लावली. आतून खळखळ. क्लच दाबला, खळखळ बंद. "बघितलंत? बेअरिंग." आता क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट आणि त्याला जुंपलेले गिअर फिरतच असतात, तेही बिनजोराचे, त्यामुळे दात एकमेकांवर हलके आपटतात. क्लच दाबला की ते थांबतात. थोडीफार खळखळ कित्येक निरोगी गिअरबॉक्सना असते. बेअरिंग खरंच गेलेलं असेल तर तिची जागा घरघर घेते, आणि गाडी गिअरमध्ये चालवताना ती वेगवेगळ्या गिअरला वेगवेगळी ऐकू येते. स्क्रूड्रायव्हर कानाला लावल्यावर तर नवीन गिअरबॉक्सही गिरणीसारखा वाजतो.

गिअरबॉक्स 'बघून' गाडी परत आली आणि थंडीच्या पहिल्याच सकाळी दुसरा गिअर पडेना. गाडी तापेपर्यंत लिव्हरशी झटापट. याआधी कधी असं झालेलं नव्हतं. तेव्हा मी गाडी त्या गॅरेजकडे न नेता रिकामा, सपाट रस्ता गाठला आणि ठरवून ऐकायला बसलो. छत बंद, काचा वर, रेडिओ बंद.

ताशी ऐंशीला पोचून क्लच दाबला, न्यूट्रल टाकला, क्लच सोडला आणि गाडी घरंगळू दिली. इंजिन चालूच ठेवायचं बरं का, नाहीतर ब्रेकची मदत जाते. इंजिन आयडलवर उतरलं, घुरघुर तशीच राहिली आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेली. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. मग तोच वेग तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये धरून पाहिला. या गाडीचा चौथा गिअर सरळ, १:१ आहे. त्यात जोर इनपुट शाफ्टकडून थेट बाहेरच्या शाफ्टला जातो, खालच्या ले-शाफ्टवर, म्हणजे बाकीच्या गिअरमध्ये जोर पुढे नेणाऱ्या मधल्या दांड्यावर, भार येत नाही. ले-शाफ्टच्या बेअरिंगचा किंवा दातांचा आवाज असता तर चौथ्यात तो पडला असता किंवा निदान बदलला असता. तिन्ही गिअरमध्ये सूर एकच. गिअरबॉक्सही सुटला.

राहिला डिफरन्शियल. क्राऊन-पिनियन झिजलं की कण्हण्याचा सूर पायाबरोबर बदलतो. ॲक्सिलरेटर दाबला की एक तऱ्हा, सोडला की दुसरी, आणि मधे पाय नुसता टेकवून वेग कायम ठेवला की तिसरी. माझ्या घुरघुरीला माझ्या पायाशी काही देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं ते स्टिअरिंगशी. लांबट डाव्या वळणावर ती फुगायची, उजव्या वळणावर जवळजवळ विरून जायची. डाव्या वळणाला गाडीचं वजन उजव्या चाकांवर लोटतं, त्यामुळे वाढणारा आवाज बहुतेक वेळा उजव्या चाकाच्या बेअरिंगचा असतो. टायरचाही संशय होता. टायरचे ठोकळे करवतीसारखे झिजले तरी हुबेहूब असाच आवाज येतो. पण टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो आणि पुढची-मागची चाकं अदलाबदल केली की जागा सोडतो. माझा बदलला नाही आणि जागाही सोडली नाही.

हिशेबाची आवड असेल तर एक करता येतं. १८५/६० आर १४ टायर एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या थोडं पुढे जातो. म्हणजे ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १२ फेरे घेतं. १.६ च्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३, म्हणजे ४३ दातांचं क्राऊन आणि १० दातांचं पिनियन. दातांवर दात बसण्याचा आवाज सेकंदाला सव्वापाचशे ते साडेपाचशे कंपनांचा निघायला हवा. हा चांगला सुरेल, शिट्टीकडे झुकणारा सूर असतो. मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप टाकून पाहिलं तर त्या जागी टोकच नव्हतं. जे होतं ते सगळं खालच्या पट्टीत, भरड.

यानंतर गाडी दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्याला मी निदान सांगितलं नाही, फक्त आवाज कधी वाढतो ते सांगितलं. त्याने गाडी स्वतः चालवली, आल्यावर मागची चाकं उचलली, न्यूट्रल टाकला आणि उजवं चाक एका हाताने हळू फिरवत दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवली. मग मला ठेवायला लावली. या गाडीत स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच असते, चाकाच्या कमानीतून हात पोचतो. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण बोटांना स्प्रिंगमधून वाळूवर डबा ओढल्यासारखी खरखर स्पष्ट लागली. डावीकडे तोच प्रयोग, स्प्रिंग गप्प. चाक इंजिनवर नव्हे, हातानेच फिरवायचं, हे सांगायला नको.

गाडी वर होतीच म्हणून मी बॅटरी घेऊन डिफरन्शियलखाली गेलो. त्याच्या कवचाच्या जोडावर करड्या सिलिकॉनची नवी कोरी रेघ होती. नखाने टोक उचकटलं तर सगळी पट्टी सोलत आली आणि तिच्या आतल्या बाजूला तेलकट काळा मळ चिकटून आला. म्हणजे जोड न उघडता, न पुसता, मळावरूनच बोटाने सिलिकॉन फिरवलं होतं. पॉवर प्लांट फ्रेम सोडल्याशिवाय या गाडीचा डिफरन्शियल खाली येत नाही. तिच्या बोल्टवर आणि चौकटीवर वर्षानुवर्षांच्या चिखलाचा एकच सलग थर होता. पाना लागला असता तर बोल्टच्या कोपऱ्यांवर धातू उघडा पडला असता. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर ते काकवीसारखं संथ, धार तुटेना. नेहमीच्या ७५डब्ल्यू-९० तेलाच्या जागी आवाज दाबायला भलतंच घट्ट तेल भरलेलं. थंडीत दुसरा गिअर का पडत नव्हता ते तिथे उलगडलं.

आणि तो फोटो. मोठा करून पाहिला तर क्राऊन व्हीलच्या चेहऱ्यावर कोरलेले आकडे वाचता येत होते, ३७ आणि ९. भागून ४.११. माझ्या गाडीत ४.३ आहे. हे ताडून पाहायला डिफरन्शियल उघडावा लागत नाही. साधा ओपन डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं मोकळं फिरू देणारा) असेल तर एक मागचं चाक पक्कं धरून दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. माझे चार पूर्ण आणि वर पावाहून थोडे जास्त भरले. तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा भाग होता.

सोललेली सिलिकॉनची पट्टी, बोल्टचे फोटो आणि त्यांनीच पाठवलेला फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजच्या मालकाकडे गेलो. आधी "मुलाने चुकून दुसरा फोटो पाठवला", मग "आम्ही फक्त बेअरिंग बघितलं", मग "मिस्त्री सोडून गेला". मिस्त्री मागे हात पुसत उभाच होता. डिफरन्शियलच्या 'भागांचे' पैसे परत मिळाले, मजुरी दोन्ही कामांची बुडाली. बिलावर 'क्राऊन-पिनियन बदलले' असं स्वच्छ लिहिलेलं होतं म्हणून तेवढं तरी सुटलं. 'डिफरन्शियल काम' असं मोघम लिहिलं असतं तर तेही गेलं असतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच जॉबकार्डवर कोणता भाग, का, आणि जुना भाग परत देणार हे लिहून घ्या. एक्स्चेंजचं कारण सांगितलं तर भाग निदान हातात घेऊन बघू द्या म्हणावं. त्यावरचे आकडे टिपून ठेवा. टेस्ट ड्राइव्हला आवाज ज्या वेगाला येतो त्या वेगापर्यंत नेणार नसतील तर गाडी उचलू नका.

उजव्या मागच्या चाकाच्या बेअरिंगचं काम तसं साधं, पण घाईचं नाही. या गाडीत मागचं बेअरिंग प्रेसने बसवतात, हातोडीने ठोकून बसवलं तर नवंही लवकर गुरगुरायला लागतं. एक्सलच्या नटची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, तो नट दर वेळी नवीन घ्यायचा आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळायचा. डाव्या बाजूचंही बेअरिंग लगेहात बदला असा आग्रह पुष्कळ ठिकाणी होतो. मी नाही बदललं. स्प्रिंगवर बोटं ठेवली तेव्हा ते गप्प होतं.