वजनाची वही: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दोनशे पानी वही, काचेचा डिजिटल काटा, शिंप्याची टेप, हात नसलेली लाकडी खुर्ची आणि अकरा निवृत्त माणसं. एवढ्या सामानावर गेले दहा महिने आमचं वजन उतरवणं चाललंय. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पावणेसहाला जमायचं, दर सोमवारी फिरून झालं की जवळच राहणाऱ्या एकाच्या पोर्चमध्ये काट्यावर चढायचं आणि आकडा वहीत लिहायचा. काटा, टेप, वही मिळून माणशी दीडशे रुपये गेले, तेही एकदाच. पोर्चमालक चहा पाजतात, त्याचा हिशेब धरलेला नाही.

कुणाला घाई असेल तर आकडे आधीच सांगून टाकतो. माझं वय ६७, उंची १६८ सेंटीमीटर. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी वजन ८४.६ किलो होतं आणि पोटाचा घेर १०४ सेंटीमीटर. आता श्रावण संपत आलाय, वजन ७८.९ आणि घेर ९७. दहा महिन्यांत पावणेसहा किलो. जाहिरातीतली माणसं एवढं पंधरा दिवसांत उतरवतात. भारतीयांसाठीच्या मापाने पुरुषाचा घेर ९० च्या आत हवा आणि बाईचा ८० च्या आत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. माझा तिशीला टेकला होता, तो २८ वर आलाय. म्हणजे मी अजून नापासच आहे, फक्त मार्क वाढलेत.

मी अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीला होतो. ज्याने मोजायचं ते आधी तपासायचं, ही खोड काही जात नाही. काटा आला त्या दिवशी पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर मी ८३.१ भरलो आणि आत हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर ८४.६. दीड किलो नुसत्या फरशीने खाल्लं! शहाबादी वरखाली असते, काट्याचे चारही पाय सारखे टेकत नाहीत. मग खाली जाड प्लायवुड घातलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून दहा-दहा किलोची शिक्क्याची दोन वजनं उसनी आणली आणि काट्यावर ठेवली. १९.९ आलं. पास. एकच माणूस पाच वेळा चढवला तर ०.२ चा फरक पडत होता. शिवाय आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर अंगात पाणी धरून ठेवलं जातं, ते वेगळंच. म्हणून अर्ध्या किलोच्या आतल्या चढउताराला आम्ही बातमी मानत नाही. घरी रोज काट्यावर चढून रोज उदास होणाऱ्यांनी एवढं तरी करून पाहावं.

त्याच काट्यावर शरीरातल्या चरबीचं प्रमाणही दिसतं. ते मी दुसऱ्याच आठवड्यात बंद करून टाकलं. सकाळी ३१ टक्के, दुपारी जेवणानंतर २८. तळपायांतून अगदी बारीक करंट सोडून काटा अंदाज बांधतो आणि अंगातल्या पाण्याप्रमाणे तो अंदाज हलतो. आमच्यातल्या एकांना पेसमेकर आहे. काट्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलंय की पेसमेकरवाल्यांनी हा वापरू नये. ते वाचेपर्यंत हे गृहस्थ दोनदा चढून उतरले होते. त्यांना काही झालं नाही, पण तेव्हापासून त्यांची फक्त टेप.

खरं सांगायचं तर काट्यापेक्षा खुर्ची कामाची निघाली. हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि काही न टेकता पाच वेळा उठायचं-बसायचं. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असं समजतात. ही चाचणी सिस्टरनी आणली. सिस्टर म्हणजे आमच्यातल्या निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. पहिल्या दिवशी मला १७ सेकंद लागले आणि ते गुडघ्यांनी पुढचे चार दिवस लक्षात ठेवलं. आता ११ लागतात. आपल्या वयाला वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात, हे मला माहीतच नव्हतं. नुसतं उपाशी राहून किलो घटवले तर काटा खूश आणि जिना नाराज.

मनगटावरच्या पावलं मोजणाऱ्या पट्ट्याबद्दलही लिहितो, कारण विचारणारे तेच विचारतात. मुलाने वाढदिवसाला दिलाय. माघी गणेश जयंतीच्या आरतीत टाळ्या वाजवल्या तर त्याने मला साडेतीनशे पावलं चालवलं. ही पोळ्या लाटताना बांधून बसली तर तीही कॉलनीला चक्कर मारून आली म्हणे. आणि दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या डॉक्टरने घालून दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं असा होतो. तिथून तो जगभर पसरला. आम्ही पावलं सोडून मिनिटं धरली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते, तीही थोडी धाप लागेल अशा चालीने, आणि आपल्या वयाला आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती चाल बरोबर. आमच्यातले एक अण्णा कुठल्याही चालीत भजन म्हणू शकतात, त्यांना हा नियम लागू नाही.

आता माझीच चूक. पहिले दोन महिने वही माझ्याकडे होती. मी काट्याशेजारी उभा राहायचो आणि आकडा मोठ्याने वाचायचो, कारखान्यात वाचायचो तसाच. संक्रांतीनंतरच्या सोमवारी पाथर्डी फाट्याच्या वहिनी चढल्या. मी ओरडलो, "७९.४! मागच्यापेक्षा सातशे ग्रॅम जास्त. तिळगूळ बोलतोय, वहिनी!" सगळे हसले. त्याही हसल्या. पुढच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पाच आठवडे गेले. मला वाटलं, थंडीमुळे असेल. जानेवारीत नाशिकची पहाट कशी असते ते सांगायला नको. शेवटी घरी हिने विचारलं, "तुम्ही माणसं मोजता की बेअरिंग?"

दोघं त्यांच्या घरी गेलो. मी माफी मागितली, मागता येते तेवढी. वहिनींनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "भावजी, मला माझं वजन ठाऊक असतं. ते पोर्चमधून रस्त्यापर्यंत कशाला जायला हवं?" यावर मी काय बोलणार! त्या परत आल्या, पण अटी घालून. आकडा ज्याचा त्याने पाहायचा आणि स्वतःच्या पानावर स्वतः लिहायचा. दुसऱ्याचं पान उलटायचं नाही. सांगावंसं वाटलं तर सांगायचं. आणि वही भावजींकडे राहणार नाही.

या अटींनी वहीची मजा जाईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी चार बायका वजन न करताच चहाला थांबायच्या, त्या काट्यावर चढायला लागल्या. एरवी कुणी न बोललेल्या गोष्टी बाहेर आल्या. एकीला रात्री झोप लागत नाही म्हणून ती अकराला बिस्किटं खाते. एकांच्या घरी सगळे कामावर गेले की ते एकटे जेवतात, म्हणजे दुपारचं जेवण चिवड्यावर. हे कुठल्याही काट्यावर दिसलं नसतं. त्या चिवडेवाल्या काकांना आता मंगळवार-शुक्रवार कुणी ना कुणी जेवायला बोलावतं. आम्हाला शिस्त अशी एकच आहे: सलग दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी बेल वाजवतं. पावसाळ्यात मी पडून राहायचं ठरवलं होतं, पण तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णा छत्री घेऊन दारात. शिव्या देत उठलो.

संगतीचा परिणाम उलटाही होतो, हे कबूल करायला हवं. नाशिकात रविवारची सकाळ म्हणजे मिसळ, आणि अकरा जण एकत्र फिरले की कुणाच्या तरी तोंडून ते निघतंच. सुरुवातीचे सहा रविवार आम्ही पाच किलोमीटर चालून थेट मिसळीच्या टेबलावर गेलो. वर पापड, दही आणि "आलोच आहोत तर" म्हणून जिलबी. त्या दीड महिन्यात माझं वजन ९०० ग्रॅम वाढलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बारा हजार लोकांचा ३२ वर्षांचा एक अभ्यास २००७ साली छापून आला होता. मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. संख्याशास्त्रवाल्यांनी त्यावर शंका काढल्या, पण आमच्या टेबलावर बसून त्यांनी त्या काढाव्यात. आता मिसळ महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाव एक, जिलबी अकरांत चार. मटकीत प्रोटीन असतं हे खरं आहे, म्हणून तर्रीही औषधी होत नाही.

प्रोटीनवरून घरी बरंच झालं. म्हातारपणी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जावं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. आमच्या घरचं पातळ वरण आणि दोन पोळ्या यांत ते कुठून भरणार? वरण घट्ट झालं, सकाळी दोन अंडी आली, संध्याकाळी फुटाणे, ताटात भात अर्धा. अंड्यांना हिचा विरोध होता. श्रावणात अंडी बंद, त्यांच्या जागी पनीर. साबुदाण्याच्या खिचडीवर आमची तडजोड झालेली नाही.

नानांचं सांगतो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. पहिल्या तीन महिन्यांत ७१ किलोंवरून थेट ६७. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत सहज. आम्ही टाळ्या वाजवल्या, नानांनी पेढे वाटले. एकट्या सिस्टर टाळी न वाजवता उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "नाना, काय बदललंत?" नाना म्हणाले, "काहीच नाही. उलट भूक वाढलीय." "रात्री किती वेळा उठता?" "चारदा, पाचदा." दुसऱ्या दिवशी सिस्टरच त्यांना लॅबमध्ये घेऊन गेल्या. उपाशीपोटी साखर २६८. औषधं सुरू झाली, आता नाना ६९ वर आहेत आणि त्यात समाधानी आहेत. काही न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर आधी डॉक्टर, हे आम्ही तेव्हा शिकलो. पेढे मात्र आम्ही खाऊन बसलो होतो.

साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणखी एक. एका काकूंना पहाटे उपाशीपोटी चालताना भर थंडीत दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती. कुणाच्या तरी पिशवीत प्रसादाची खडीसाखर होती म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. खडीसाखर आता चौघांच्या खिशात असते.

तक्रारी आहेतच. मोबाइलवरचा आमचा ग्रुप नसता तर बरं झालं असतं. मेथीच्या पाण्याने सात दिवसांत पोट सपाट होण्याचे निरोप रोज येतात, तेही आमच्यातल्या सगळ्यांत सपाट पोटाच्या माणसाकडून. जुलैमध्ये ट्रॅकवर चिखल होतो, एकाने घसरून मनगट मोडून घेतलं. मग पावसाळाभर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीला रेटा देणं, खुर्ची आणि एका पायावर उभं राहणं. कंटाळवाणं, पण तोल सुधारला. अकरांपैकी दोघे सोडून गेले आणि एकांचं वजन दहा महिन्यांत जिथल्या तिथे आहे. ते एकही दिवस चुकवत नाहीत. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली म्हणतात.

माझं आवडतं माप कुठल्याच वहीत नाही. दर गुरुवारी आम्ही सहाजण पांडवलेणीला चढतो. डिसेंबरात लेण्यांपर्यंत पोचायला मला पाच थांबे लागले होते. प्रत्येक थांब्याला मी खालच्या फाळके स्मारकाकडे असं बघायचो, जणू काही बघायलाच थांबलोय. गेल्या गुरुवारी एकच थांबा, तोही वहिनींच्या चपलेचा पट्टा सुटला म्हणून. वर सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिच्या शिलालेखाच्या लेण्यात बसलो. वहिनी अजिबात धापत नव्हत्या. मी विचारलं, "आता किती?" त्या म्हणाल्या, "पान उलटायचं नाही, भावजी."

वही त्यांच्या कपाटात असते. माझं पान लिहायलासुद्धा सोमवारी त्यांच्याकडेच मागावी लागते.