टिप्ट्रीचं चरित्र, आठ महिन्यांनंतर

जानेवारीत हे पुस्तक घरी आलं तेव्हा आतल्या पानावर कुठल्याशा लायब्ररीचा 'रद्द' असा शिक्का होता आणि शेवटची पानं सुटून लोंबत होती. ऑनलाइन विकणाऱ्याने मात्र 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. परत पाठवायचा कंटाळा केला आणि फेव्हिकॉल लावून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं. ती पानं होती नेमकी सूचीची. पुढे आठ महिने सगळ्यात जास्त उलटली गेली तीही तीच, आणि अजून टिकून आहेत.

पुस्तक म्हणजे जूली फिलिप्स यांनी लिहिलेलं 'जेम्स टिप्ट्री ज्युनियर : द डबल लाइफ ऑफ अ‍ॅलिस बी. शेल्डन'. २००६ चं. चरित्रासाठीचा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पुरस्कार त्याला मिळाला, शिवाय विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही. मला पुरस्कारांचं फारसं कौतुक नव्हतं. टिप्ट्रीच्या कथा आवडायच्या आणि त्या कुठून आल्या ते बघायचं होतं, एवढंच.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ पासून अमेरिकन विज्ञानकथेच्या मासिकांत जेम्स टिप्ट्री ज्युनियर नावाच्या एका गृहस्थाच्या कथा येऊ लागल्या. धारदार, वेगवान, मृत्यूच्या वासाच्या. त्याला कोणी कधी पाहिलं नाही. व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावचा पोस्ट बॉक्स, एवढाच पत्ता. पत्रं मात्र भरपूर लिहायचा. गमतीदार, प्रेमळ, जराशी फ्लर्ट करणारी. १९७६ च्या शेवटी त्याने एका पत्रात सहज लिहिलं की शिकागोतली आपली म्हातारी, पूर्वी आफ्रिकेत भटकलेली आई वारली. चाहत्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख शोधले. मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली, लेखिका आणि प्रवासी. मागे एकच अपत्य, मुलगी. अ‍ॅलिस शेल्डन, वय ६१.

ही बाई आधी चित्रकार होती, मग दुसऱ्या महायुद्धात सैन्यात हवाई छायाचित्रं वाचणारी अधिकारी, मग न्यू जर्सीत कोंबड्या पाळणारी, मग तीन वर्षं सीआयएत. पन्नाशी ओलांडल्यावर, १९६७ मध्ये, प्रायोगिक मानसशास्त्रात पीएच.डी. त्याच सुमारास नवऱ्याबरोबर सुपरमार्केटात मुरांब्याची बाटली दिसली. टिप्ट्री हे इंग्लंडमधल्या एसेक्समधलं गाव, तिथल्या मार्मलेडवर तेच नाव असतं. ती म्हणाली जेम्स टिप्ट्री, नवरा म्हणाला ज्युनियर. झालं बारसं.

आता वापराबद्दल. पहिली दोनशे पानं मी ठाण्याहून लोकलने जाता-येता वाचली, आणि दोनदा स्टेशन चुकलं. त्यातलं आफ्रिकेचं प्रकरण एकट्यानेच पैसे वसूल करतं. १९२१ मध्ये संग्रहालयासाठी प्राणी जमवणारे कार्ल एकली यांच्या मोहिमेबरोबर ब्रॅडली दांपत्य काँगोत गोरिलांच्या शोधात निघालं, सोबत सहा वर्षांची अ‍ॅलिस. पुढे आईने त्यावर मुलांसाठी 'अ‍ॅलिस इन जंगललँड' लिहिलं, चित्रं लेकीची. सोनेरी केसांची, टोपीतली छोटी मुलगी आणि मागे सगळं जंगल. फिलिप्सबाई इथे फार काही बोलत नाहीत, फक्त दाखवतात की ही मुलगी वाचायला शिकत होती तेव्हाच ती एका पुस्तकातलं पात्र होऊन बसली होती, आणि ते पुस्तक आईचं होतं. मुखवटा १९६७ मध्ये सुपरमार्केटात सापडला असं मग वाटेनासं होतं.

पत्रांचा वापर तर अप्रतिम. अर्सुला ल गिन, जोआना रस या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखिकांशी टिप्ट्रीचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, आणि दोघींनाही पुरुषाशीच बोलतोय असं वाटत होतं. विज्ञानकथा आणि स्त्रिया या विषयावरच्या एका लेखी परिसंवादात तर 'या सद्गृहस्थांना कळत नाही' या सुरात टिप्ट्रीला ऐकून घ्यावं लागलं. आणि ती गप्प बसली! हा भाग वाचताना मी मोठ्याने हसले आणि शेजारच्या बाईंनी सरकून जागा केली.

मग दुसऱ्या महिन्यात घोळ सुरू झाला. मी पद्धत लावली होती : एक कथा वाचायची, सूचीत तिचं नाव शोधायचं, त्या काळातलं तिचं आयुष्य वाचायचं. आठवडाभर मजा आली. मग लक्षात आलं की मी कथा वाचतच नाहीये, पुरावे गोळा करतेय. 'लव्ह इज द प्लॅन द प्लॅन इज डेथ' ही कोळ्यासारख्या एका परग्रही प्राण्याची कथा. तो आपल्या मादीवर जीव ओवाळतो आणि तिच्याच पोटात जातो. पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. या वेळी मी समासात पेन्सिलने 'नवरा?' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते वाचून माझी मलाच लाज वाटली. खोडून टाकलं आणि चरित्र सहा आठवडे कपाटात ठेवलं.

दोष चरित्राचा आहे का? थोडासा आहे. माणूस म्हणून शेल्डन इतकी जवळ येते की कथांवरचं बोलणं त्यामानाने तोकडं पडतं. तिच्या नंतरच्या दोन कादंबऱ्यांवरचा भाग तर मला घाईत उरकल्यासारखा वाटला. बाकीचा दोष माझा.

यावर उतारा मिळाला तो एका चुकलेल्या माणसाकडून. टिप्ट्रीच्या १९७५ च्या 'वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज' या संग्रहाला विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांची प्रस्तावना आहे. त्यात ते म्हणतात की टिप्ट्री बाई असल्याची कुजबुज त्यांना हास्यास्पद वाटते, कारण या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. पुढे हेमिंग्वेशी तुलना. हे वाक्य सगळे टिंगल करायलाच वापरतात, मीही तेवढंच ऐकून होते. पूर्ण प्रस्तावना वाचल्यावर मत बदललं. त्यांच्यापुढे आयुष्य नव्हतंच, फक्त पानं होती, त्यामुळे ते वाक्यांची लय, संवादांची काटकसर, वेग हेच बघतात. निष्कर्ष साफ चुकला, निरीक्षणं बरीचशी बरोबर. आणि १९७९ च्या आवृत्तीत ताजा कलम जोडून त्यांनी चूक कबूलही केली.

मग मी आमच्या वाचनकट्ट्यावर प्रयोग केला. 'द विमेन मेन डोन्ट सी' ही १९७३ ची कथा नाव न सांगता वाचायला दिली. युकातानच्या किनाऱ्यावर विमान कोसळतं, निवेदक पुरुष, बरोबर एक मायलेकींची जोडी. ती आई त्याला सांगते की बायका तुमच्या जगाच्या यंत्रातल्या फटींत एकेकट्या, दोघी-दोघी जगतात. आणि शेवटी परग्रहवासीयांबरोबर निघून जाते. कट्ट्यावरच्या तिघांनी ठामपणे 'लेखक पुरुष' असं सांगितलं, मासेमारीचे तपशील बघून. सगळ्यात ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "बाईच आहे. त्या माणसाला काही दिसत नाही हे लिहिताना तिला किती मजा येतेय बघा." पुरुषाला बायका इतक्या कळतात म्हणून त्या वेळी वाहवा होऊ लागली, तेव्हा टिप्ट्रीने ही कथा नेब्युला या विज्ञानकथा-पुरस्काराच्या स्पर्धेतून मागे घेतली होती. हे नंतर सांगितल्यावर काकूंनी नुसती मान हलवली.

आपल्याकडे १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून, आणि मंगलाताईंच्या अक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं आणि मुखवटा उतरला. त्यांना एका स्पर्धेपुरता आडोसा हवा होता. शेल्डनला तो जवळजवळ दहा वर्षं राहायला लागला, आणि उतरल्यावर पुन्हा तसं लिहिणं तिला जड गेलं. चरित्रातला हा भाग मी एकदाच वाचलाय. शेवटचं प्रकरणही एकदाच : १९८७ मध्ये तिने आजारी, जवळपास आंधळ्या झालेल्या नवऱ्याला आणि मग स्वतःला संपवलं. फिलिप्सबाई तिथे आवाज चढवत नाहीत, माफीही देत नाहीत. तिच्या नावाने १९९१ पासून चालणाऱ्या पुरस्काराचं नाव याच कारणावरून २०१९ मध्ये बदलून 'अदरवाइज' झालं. चरित्र त्याच्या तेरा वर्षं आधीचं, त्यामुळे हा वाद त्यात नाही.

सोबत घ्यायचंच तर 'मीट मी अ‍ॅट इन्फिनिटी' (२०००) घ्या. तिचे प्रवासलेख आणि पत्रांतून दिलेली मुलाखत त्यात आहे, जेफ्री स्मिथ यांनी जमवलेली. तीच मुलाखत गुपित माहीत असताना वाचली की कळतं, बाई खोटं असं फारसं बोललेलीच नाही. 'लेटर्स टू टिप्ट्री' (२०१५) हे आजच्या लेखकांनी तिला लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक मला गोडगोड वाटलं, पण त्यात जुनी, ल गिन आणि रस यांची खरी पत्रंही आहेत. तेवढ्यासाठी कोणाकडून तरी उसनं आणा.

माझी प्रत सध्या काकूंकडे आहे. देताना कथासंग्रह आधी आणि चरित्र नंतर असं बजावलं होतं. त्यांनी अर्थातच चरित्रापासून सुरुवात केलीय. सिल्व्हरबर्गच्या प्रस्तावनेची झेरॉक्स मी मागच्या पुठ्ठ्यात घालून ठेवली आहे, सूचीच्या शेजारी.