प्रयोगशाळेच्या टेबलावरून पाहिलेले जेम

सरकारी खरेदीसाठी ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालेले जेम हे संकेतस्थळ मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत अनेक वर्षे वापरत आलो आहे. खुर्च्या, प्रिंटर आणि कागद यांसाठी ते खरोखर सोयीचे आहे. दर सर्वांसमोर असतात आणि ओळखीपाळखीला वाव कमी राहतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

अडचण येते ती प्रयोगाच्या सामानाची. पिपेटच्या (द्रवाचे अगदी थोडे प्रमाण मोजून उचलणाऱ्या उपकरणाच्या) टोकाला बसवायच्या टिप्स मागवताना ‘10 मायक्रोलिटर, फिल्टरसह, निर्जंतुक’ एवढे लिहिता येते, आणि त्यात बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराचा, म्हणजे ‘एल-वन’, पुरवठादार ठरतो. एका विक्रेत्याने पाठवलेल्या अशा टिप्स कागदोपत्री निर्दोष होत्या, पण पिपेटवर बसवल्यावर कडेला केसाएवढी फट राहत असे. माझ्या विद्यार्थिनीने एकेका टिपमधले पाणी तराजूवर तोलले; 10 मायक्रोलिटर पाणी 10 मिलिग्रॅम भरायला हवे, त्याजागी कधी 8, कधी 9 असे आकडे आले आणि तिची सहा आठवड्यांची पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीची) निरीक्षणे बाद करावी लागली. त्यानंतर माल परत करण्याचा पत्रव्यवहार, नवे समर्थनपत्र आणि पुन्हा तुलनात्मक तक्ता.

मला वेळेपेक्षा दुसऱ्या गोष्टीचे अधिक दुःख आहे. पेशी रात्रीत कशा वाढल्या हे पाहायला सकाळी सातला धावत येणारी ही मुलगी आता आल्याआल्या इंडेंटची, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रांची, फाइल उघडते, आणि परवा तिने विचारले, “सर, तपशील असा लिहू का, की आपल्याला हवी तीच कंपनी बसेल?” संशोधनाच्या ध्यासाने आलेल्या मुलीला आम्ही हे शिकवले, याची मला मनापासून लाज वाटली.

जून 2025 मध्ये वित्त मंत्रालयाने वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना संशोधनाची उपकरणे व साहित्य जेमबाहेर घेण्याचा अधिकार दिला. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर, तर खरेदी समितीची 10 लाखांवरून 25 लाखांवर नेली. हा निर्णय फार मोलाचा आहे. एकूण अनुभवावरून फर्निचरसाठी जेमला पाचपैकी चार तारे आणि प्रयोगसाहित्यासाठी दोन; विकरे (एन्झाइम), प्रतिपिंडे (अँटिबॉडी) किंवा टिप्स घ्यायच्या असतील, तर आधी हा अधिकार आपल्या संस्थेत अमलात आला आहे का, ते खरेदी विभागाला लेखी विचारावे, आणि तेही 31 मार्च तोंडावर येण्यापूर्वी.