कॉम्रेड्स की एसआरटी? मॅरेथॉननंतरची पहिली अल्ट्रा निवडताना

मॅरेथॉन एक-दोनदा झालीये, पाय अजून कुरकुरत नाहीयेत आणि ग्रुपमध्ये कोणीतरी अल्ट्राचा (म्हणजे मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरपेक्षा लांब शर्यतीचा) विषय काढलाय, की बऱ्याच जणांची गाडी शेवटी याच प्रश्नावर येते, दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स करायची का आपल्या सह्याद्रीतली सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरवाटेवरची (ट्रेल) शर्यत म्हणजे एसआरटी. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा हे सगळं सांभाळून पळणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, किलोमीटर बघून ठरवू नका. कॉम्रेड्स साधारण ८७ ते ९० किलोमीटर आणि एसआरटीचं गाजलेलं अंतर ५३ (११, २५ आणि १०० पण असतात), त्यामुळे लोक म्हणतात आधी ५३ उरकून घेऊ, मग ९० चं बघू. असं होत नाही. दोन्हींची तयारी वेगळी, डोक्याची परीक्षा पण वेगळी, आणि तुमच्या आठवड्यात कुठली तयारी खरंच बसते त्यावर हा निर्णय व्हायला हवा.

कॉम्रेड्स १९२१ पासून चालू आहे, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफमने सुरू केलेली. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग म्हणजे अप रन आणि उलट दिशेने डाऊन रन, सहसा एक वर्ष हे एक वर्ष ते. (पीटरमारित्झबर्ग म्हणजे तेच स्टेशन जिथे १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं, त्यामुळे जाणारे आपले लोक तिथे आवर्जून जाऊन येतात.) सगळा डांबरी रस्ता, पाच नामांकित मोठे चढ आणि वेळ १२ तास. आता हिशोब करा, ९० किलोमीटरला १२ तास म्हणजे किलोमीटरमागे बरोबर ८ मिनिटं, आणि त्यात चालणं, पाणी पिणं, टॉयलेटला थांबणं सगळं आलं. म्हणजे पळताना किलोमीटरमागे सव्वासात मिनिटांच्या आसपास जमलं पाहिजे आणि ते दिवसभर जमलं पाहिजे. शिवाय एन्ट्रीसाठी आधी मॅरेथॉनचा क्वालिफाइंग टायमिंग लागतो, अलीकडच्या वर्षांत ४ तास ५० मिनिटांच्या आत. तेवढा नसेल तर यंदा हा विषय बंद, आधी मॅरेथॉन सुधारा.

एसआरटीत हा हिशोब चालतच नाही. राजगड १,३७६ मीटर, तोरणा १,४०३ मीटर, आणि चढाला एका किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं लागली तरी काही बिघडलं नाही असं समजायचं. इथे घड्याळातला पेस (किलोमीटरमागची मिनिटं) बघणारा माणूस पहिल्या तासातच खचतो. ट्रेकिंग केलेला, घसाऱ्यावर (सुट्या मातीच्या निसरड्या उतारावर) पाय कसा टाकायचा हे माहीत असलेला, सव्वापाच तासात मॅरेथॉन करणारा माणूस इथे साडेतीन तासवाल्या रोड रनरला आरामात मागे टाकू शकतो.

आता सीझन, ज्याकडे कोणी बघत नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. कॉम्रेड्स साधारण जूनमध्ये. म्हणजे जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की थोडा आराम आणि मग सगळी जड ट्रेनिंग मार्च ते मे, आपल्याकडचा ऐन उन्हाळा आणि मुलांच्या परीक्षा-सुट्ट्या पण तेव्हाच. आठवड्याला ७० ते ९० किलोमीटर, शनिवार-रविवार लागोपाठ लांब रन, आणि रेसच्या पाच-सहा आठवडे आधी एक ५५-६० किलोमीटरचा रन, मुंबईत हे करायचं तर रात्री अडीच-तीनला घराबाहेर पडावं लागतं नाहीतर आठ वाजता ऊन आणि दमट हवा मिळून माणसाला पिळून काढतात. एसआरटी डिसेंबरमध्ये, त्यामुळे तयारी पावसाळ्यात सुरू होते, हवा मस्त पण वाटा शेवाळलेल्या. त्याच्यासाठी किलोमीटर मोजू नका, तास मोजा. पुण्यातल्यांना यात मोठा फायदा आहे कारण सिंहगड घरापाशी आहे, आतकरवाडीच्या वाटेने एकामागोमाग दोन-तीन वेळा चढून उतरलं आणि मधेच एखाद्या शनिवारी रात्री कात्रज ते सिंहगड केलं की अर्धी तयारी तिथेच होते. मुंबईकराला दर आठवड्याला डोंगर शक्य नाही, त्याने बिल्डिंगचे जिने धरावेत, आणि लिफ्टने खाली येऊ नये, उतरायचं पण पायांनीच.

हे उतरणं दोन्हीकडे समान आहे आणि दोन्हीकडे लोक तिथेच संपतात. चढताना दम लागतो, थांबलं की तो जातो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू लांब होत असतानाच सगळं वजन पेलत असतो, त्याने त्याचे तंतू फाटतात आणि तो दिवसभरात भरून येत नाही. कॉम्रेड्सच्या डाऊन रनमध्ये फील्ड्स हिल साठ किलोमीटरच्या पुढे येते, तीनेक किलोमीटर सरळ उतार, आणि तोपर्यंत मांड्या शिल्लक असाव्या लागतात. चांगली बातमी ही की स्नायू शिकतात, एकदा जोरात उतरून दुखून झालं की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने बरंच कमी दुखतं. सिंहगडावरून उतरताना बघा, नवीन माणूस पाय पुढे लांब टाकतो, टाच आपटते आणि प्रत्येक पावलाला गुडघा दणका खातो, सवयीचा माणूस छोटी छोटी पटपट पावलं टाकतो, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार पावलं पुढे, आणि दगड हलला तरी तोवर त्याचा पाय तिथून निघून गेलेला असतो. ही कला जिममध्ये येत नाही, पण स्क्वॉट आणि स्टेप-डाऊन (पायरीवरून एका पायावर हळू खाली येणं) आठवड्यातून दोनदा केलेच पाहिजेत.

खाण्यात कॉम्रेड्स सोपी. रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने टेबलं असतात, पाण्याच्या छोट्या पिशव्या, कोक, उकडलेले बटाटे. ट्रेलवर दीड-दोन लिटर पाणी पाठीवर आणि खाऊ तुमचा तुम्हीच न्यायचा. दोन्हीकडे तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कार्ब पोटाने घेतले पाहिजेत, आणि पोटाला पण ट्रेनिंग लागतं, मीठ लावलेला बटाटा, खजूर, चिक्की, जेल जे काही खाणार ते लांब रनला आधी खाऊन बघा. नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरलं तर जिवावर बेततं. आणि पेनकिलर खाऊन पळू नका, शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीवर येतात.

आता डोकं. कॉम्रेड्सची भीती घड्याळाची आहे. वेळ सुरुवातीच्या बंदुकीपासून मोजतात, आणि १२ तास झाले की एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून शेवटची गोळी झाडतो आणि लाइन बंद, दोन पावलांवर असलात तरी मेडल नाही. त्या दबावाखाली शांत डोक्याने हिशोब करत राहायचा ही तिथली कणखरता. पण सोबतीला अख्खा रस्ता लोकांनी भरलेला असतो, तुमचं नाव घेऊन ओरडणारी माणसं, शेगड्यांचा धूर, गाणी. एसआरटीत मधे मधे कोणीच नसतं. दुपारचं ऊन, वाळलेलं गवत, पुढचा मार्किंगचा रिबन दिसत नाही, आणि लक्ष एक सेकंद हललं तर घोटा मुरगळतो. इथे लागतं ते सतत लक्ष, आणि लक्ष थकतं. सॅम्युएले मार्कोरा या व्यायामशास्त्राच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोग केला होता, दीड तास कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम करून सायकल चालवायला बसवलेली माणसं लवकर थांबली, हृदय-फुफ्फुसं तशीच काम करत असताना, फक्त त्यांना तेच काम जास्त कठीण वाटत होतं. म्हणून ऑफिसमध्ये डोकं पार शिणल्यावर संध्याकाळी केलेला साधा आठ किलोमीटरचा रन, मला वाटतं, अल्ट्रासाठी सोन्यासारखा आहे. तो टाळू नका, पेस विसरा.

अजून एक, सहन करायचं काय आणि थांबायचं कधी हे घरीच ठरवून जा. मळमळ, कंटाळा, रडू येणं, दोन्ही मांड्या दुखणं, हे सगळं खाऊन-पिऊन आणि वीस मिनिटं चालून बहुतेक वेळा निघून जातं. एकाच ठिकाणी टोचून चाल बदलणारं दुखणं, बोलताना गोंधळणं, कोकसारखी लघवी, यातलं काही दिसलं तर तिथेच थांबायचं आणि मेडिकलवाल्यांना सांगायचं. ट्रेलवर हे जास्त कडक पाळा कारण मदत यायला वेळ लागतो.

या दोन्हींची धास्ती वाटत असेल तर १५ ऑगस्टला मुंबईत शिवाजी पार्कवरून १२ तासांचा रन असतो, हवं तेव्हा थांबता येतं, पायांवर दिवसभर राहणं म्हणजे काय ते कळतं.

माझं मत विचाराल तर रस्त्यावर शिस्तीत पळणारा, मॅरेथॉन साडेचारच्या आत, उन्हाळ्यात पहाटेचे तास मिळतात आणि घरचे तयार आहेत अशाने कॉम्रेड्सच करावी, तो खर्च आणि व्हिसाची धावपळ वसूल होते. महिन्यातून दोनदा तरी डोंगरात जाणाऱ्याने एसआरटी, आणि आधी २५ किलोमीटर करून मग ५३. दोन्ही अर्धवट असाल तर एन्ट्री भरायच्या आधी एक वीकेंड काढा, शनिवारी सिंहगड दोनदा, रविवारी सपाट रस्त्यावर तीन तास, आणि मंगळवारपर्यंत जिना उतरताना काय होतंय आणि मनात पुन्हा जावंसं कुठे वाटतंय ते बघून फॉर्म भरा.