घरी येऊन लिव्हिंग विल करून देणारी सेवा : आईचं झालं, माझं राहिलं

लिव्हिंग विल म्हणजे पुढे शुद्ध राहिली नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद. आई ८१ वर्षांची, मी ५३. डोंबिवलीत आईच्या ज्येष्ठ नागरिक संघात या लोकांचं शिबिर झालं आणि त्यांचा नंबर आईनेच आणला. समुपदेशक, डॉक्टर आणि नोटरी घरी येतात. दोघींचे मिळून सहा हजार ठरले.

समुपदेशक ताई आधी आईशी एकटीशी बोलल्या, मग माझ्याशी. दोघींना मरणाच्या भीतीवरची पंधरा वाक्यांची एक प्रश्नावली दिली, गुण जास्त म्हणजे भीती जास्त. टेम्पलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ती १९७० मध्ये केली, बरोबर की चूक एवढंच सांगायचं. मरणाची भीती आईला जास्त असणार, असं मी धरून चालले होते. तिचे गुण आले चार, माझे अकरा. ताई म्हणाल्या, असंच दिसतं बहुतेकदा, चाळिशी-पन्नाशीतली माणसं जास्त घाबरलेली असतात. आईचा "बरोबर" लगेच आला तो वेदनेच्या वाक्यावर. संघातल्या तिच्या मैत्रिणींचंही तेच: मरणाचं काही नाही गं, पडून राहायला लागू नये. पुरुष मंडळी मात्र शिबिरात बँकेचं आणि फ्लॅटचंच विचारत होती, आतल्या भीतीचा विषय कोणी काढला नाही.

डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मला फार मोलाचं वाटलं. व्हेंटिलेटर म्हणजे काय, नाकातून नळी का घालतात, सगळं आईला मराठीत सांगितलं. आईने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "नळी नको, पण दुखायचं औषध थांबवू नका, तेवढं लिहा." मॉर्फिनसह वेदनाशामक उपचार चालू ठेवावेत, अशी ओळ त्यांनी तिथल्या तिथे घातली. शुद्ध आहे तोवर आजींचाच शब्द शेवटचा, हेही दोनदा सांगितलं. पुढे वेळ आली तर हॉस्पिटलने नेमलेल्या तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचं एकमत लागतं, हे मला नव्याने कळलं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कागदाला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आमचं काम सव्वा तासात झालं. शेजारचे काका-काकू साक्षीला आले.

तक्रारी दोन आहेत. मूळ मसुदा इंग्रजीत, आणि सोबतचं मराठी भाषांतर इतकं बोजड की आईला ते मीच वाचून समजावलं. ऐंशीच्या माणसाला आपण कशावर सही करतोय हे स्वतः वाचता आलंच पाहिजे. दुसरं म्हणजे, महापालिकेत प्रत आम्ही देऊ म्हणाले होते, शेवटी मलाच दोन खेपा घालाव्या लागल्या.

माझा कागद अजून कपाटात आहे. पालकाच्या, म्हणजे मला शुद्ध नसेल तेव्हा माझ्या वतीने ठरवणाऱ्या माणसाच्या, रकान्यात लेकीचं नाव लिहायला हात धजत नाही, ती २४ वर्षांची आहे. ताईंचा महिन्याभरात एकदा फोन आला. सहीचं नाव काढलं नाही, लेकीशी बोललात का एवढंच विचारलं. पैसे आधीच भरलेत, मुदत नाही म्हणाल्या.

पाचपैकी चार तारे.