वीस मिनिटांचा चहा पडला अकरा हजारांना

माझी पिकअप २०१० सालची, डिझेल. वाशीच्या भाजी मार्केटमधून पहाटे पालेभाजी उचलायची आणि उजाडायच्या आत ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवायची, हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. गाडीतलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता, त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. पण जुनी गाडी चालवणाऱ्या चार जणांनी तरी वाचावं.

चावी दोन वर्षं त्रास देत होती. पूर्ण घालायची, केसभर बाहेर ओढायची, मग फिरवायची. ही तिची खोड फक्त मलाच जमायची, पोरगा कंटाळून उतरायचा, आणि मला त्याचा उलट अभिमान! मूळ चावी केव्हाच हरवलेली. ही डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट. झिजलेल्या चावीवरून नवी काढली की झीजही तिच्यात उतरते, आणि अशी चावी लॉकच्या आतल्या पितळी पत्त्या रोज थोड्या थोड्या खाते. त्यात माझ्या जुडग्यात घराची, गाळ्याची, ताडपत्रीच्या साखळीची, सगळ्या चाव्या. ते लोढणं प्रत्येक खड्ड्याला लॉकला हिसके द्यायचं.

जूनमध्ये एका पहाटे, पावणेचारला, चावी फिरेना. मागे मेथी-कोथिंबीर भरलेली, वरून पाऊस, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. चाकं वळलेली ठेवून गाडी बंद केली की स्टिअरिंग लॉकची खिट्टी कधी कधी ताणात अडकते. मी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावीला जोर दिला, आणि चावी पहिल्या खाच्यापर्यंत फिरलीसुद्धा. त्यापुढे नाही, पण फिरली. हे लक्षात ठेवा.

तेवढ्यात एक जण छत्री घेऊन आला. "लॉक गेलं ना शेठ? काळजी नको, आपलं रोजचं काम आहे." दोन माथाडींच्या मदतीने गाडी ढकलत रस्त्याकडेला घेतली. त्याने पेटी उघडली, बॅटरी तोंडात धरून डोकावला आणि म्हणाला, "अर्धा तास लागेल. तुम्ही चहा घेऊन या शेठ, इथं भिजता कशाला?"

आणि मी गेलो.

वीस मिनिटांनी आलो तर लॉकच्या तोंडात ड्रिलचं भोक, पायाशी पितळेचा चुरा. "पार जाम होतं शेठ, फोडायलाच लागलं. आता स्टिअरिंगच्या दांड्याचं, कॉलमचं काम निघालं. शिवाय चावीत चिप आहे, तिचं कोडिंग करायला लागेल." भाजी कोमेजत होती, नाक्यावरून फोनवर फोन येत होते. मी म्हटलं, कर बाबा काय ते. त्याने कुठूनतरी एक लॉक आणून बसवलं, मोबाइल डॅशबोर्डजवळ धरून दोनदा टिकटिक केलं, झालं कोडिंग! लॉक ३८००, कॉलम २०००, कोडिंग २५००, मजुरी १२००. बेरीज ९५००, वर जीएसटी १७१०. "दहा रुपये सोडले शेठ," म्हणाला. मी ११,२०० रुपये स्कॅन करून दिले आणि वर थँक्यू म्हणालो. चावी एकच मिळाली. दुसरी संध्याकाळी आणून देतो म्हणाला.

बाराव्या दिवशी घणसोलीच्या सिग्नलला उभा होतो. इंजिन चालू, आणि चावी लॉकमधून निसटून माझ्या मांडीवर पडली.

तसाच कळंबोलीला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं आणि मला म्हणाले, "वाका, स्वतः बघा." लॉक सेकंडहॅंड, कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचं. स्टिअरिंग अडवणारी खिट्टी करवतीने कापलेली, म्हणजे गाडीला स्टिअरिंग लॉकच उरलं नव्हतं. कंपनीचे बोल्ट आवळताना डोकं तुटून जाईल असेच असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. त्यांच्या जागी साधे ॲलन बोल्ट. आणि वायरी जोडणारा कपलर कापून वायरी नुसत्या पिळून टेप मारलेल्या. टेप एका जागी तपकिरी होऊन वितळली होती. तिच्याखालची जाड वायर थेट बॅटरीकडून येते, चावी काढली तरी तिच्यात करंट असतो. त्या गाडीत मी दुपारी झोपायचो.

"चिप?" मी विचारलं. मिस्त्रींनी माझी चावी बोटांत धरली. अख्खी पत्र्याची, डोक्याला प्लास्टिकसुद्धा नाही. "बसवली कुठे असेल सांगा." चिपवाल्या गाडीत लॉकच्या तोंडाभोवती कॉइलची रिंग असते, तीही नव्हती.

मग त्यांनी नवं लॉक घेऊन त्यात चावी पहिल्या खाच्यावर आणली, बाजूच्या बारीक भोकात तार घालून पिन दाबली आणि आतला गाभा सुळकन ओढून हातात दिला. पाच सेकंद. "तुमची चावी पहिल्या खाच्यापर्यंत फिरत होती ना? मग ड्रिल कशाला? चावी अजिबात फिरेना, तरच ती वेळ येते."

छत्रीवाल्याचं बिल काढून बघितलं. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो आणि त्यात एकूण १५ अक्षरं-आकडे असतात. माझ्या बिलावरचा २९ ने सुरू होत होता आणि मोजला तर चौदाच! दोन पहाटा ती जागा धुंडाळली. पेटी नाही, छत्री नाही, फोन नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण दुकानाचं नाव-पत्ता विचारल्यावर मी गप्प. पैसे ज्या नावावर गेले ते वेगळंच, तेवढं पोलिसांकडच्या अर्जात लिहिलंय.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या चावीने जास्त छळलं. बारा रात्री माझी गाडी कोपरखैरण्यात रस्त्यावर उभी होती, स्टिअरिंग लॉक नसलेली, आणि तिची एक चावी कुणाकडे होती ते मला ठाऊक नव्हतं. चोरी झाली असती तर विमावाल्यांनी आधी दोन्ही चाव्या मागितल्या असत्या.

आता नवा लॉकसेट आहे, दरवाजांसकट. पक्कं बिल आहे, एक चावी देवघराच्या खणात आहे. चावी जड फिरायला लागली तर तेल घालू नका, तेलावर धूळ बसते, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, हे मिस्त्रींनीच सांगितलं. निघताना त्यांनी काढलेलं लॉक पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलं.

"आणि तुमचं आधीचं, मूळचं लॉक?" त्यांनी विचारलं. "ते मागून घेतलं नाहीत?"

मी तेव्हा चहा पीत होतो, एवढंच सांगितलं.